गायनशाळेंतील वर्ग आणि गुरुबंधुत्व

(१)

इतिहासाचीं साधनें गोळा करणाऱ्या मंडळींची दृष्टि प्रथम सनदा, महजर, कैफियती, शकावल्या व बखरी यांकडे वळते, आणि तें योग्यच आहे. संगीताचा प्रश्न निघाला म्हणजे संस्कृत संगीतग्रंथांच्या पोथ्या, दरबारी गवयांच्या नेमणुकांचे कागद व रागमालेचीं चित्रें यांची विचारपूस होते. परंतु इसवी सनाच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपल्याकडे जी एक नवी संस्था निर्माण झाली, म्हणजे जिला फळा आहे, घंटा आहे, हजेरीपट आहे व परीक्षा आहे अशी गायनशाळा, तिच्या कागदांस मात्र अद्यापि साधनांचा मान मिळालेला नाहीं. विद्यार्थ्यांच्या स्वरलिपीच्या वह्या, फीच्या पावत्या, वार्षिक समारंभांचीं हस्तपत्रकें, प्रशस्तिपत्रें हीं सर्व रद्दींत जातात. प्रस्तुत निबंधाचा हेतु या कागदांचें ऐतिहासिक मोल दाखवावें हा आहे. आणि तें दाखविण्यासाठीं आम्ही एकच प्रश्न विचारास घेतला आहे. ज्यांचें कूळ एक नाहीं, जात एक नाहीं, वय एक नाहीं, अशीं माणसें गायनाच्या वर्गांत एकत्र बसूं लागलीं, तेव्हां त्यांच्यांत शिकणाऱ्यांचें एक कुटुंब कसें निर्माण झालें?

वर्ग भरणें ही एक गोष्ट व वर्गाचा समुदाय होणें ही दुसरी. पंचवीस मुलें एका खोलींत बसून 'सा रे ग म' म्हणूं लागलीं म्हणजे तेवढ्यानें त्यांचा समुदाय होत नाहीं. तो कोणत्या साधनांनीं झाला व कोठें झाला नाहीं, याचा शोध बडोदें, लाहोर व ग्वाल्हेर-लखनौ या तीन ठिकाणच्या उदाहरणांवरून घेण्याचें आम्ही योजिलें आहे.

(२)

प्रथम पूर्वपद्धतीविषयीं. जुनी तालीम म्हणजे गुरुगृहीं वास. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनीं ग्वाल्हेरच्या परंपरेंतील वासुदेवबुवा जोशी यांच्याजवळ राहून विद्या संपादन केली व ती महाराष्ट्रांत आणली, ही गोष्ट सुप्रसिद्ध आहे. भास्करबुवा बखले यांनीं फैज महंमद खां, नत्थन खां व अल्लादिया खां अशा तीन उस्तादांची तालीम घेतली. गंडा बांधल्यावर शिष्य हा घरचा होई. पाणी भरणें, तंबोरा जुळविणें, गुरूच्या मागें बसून साथ करणें या क्रमानें विद्या मुरत असे. त्या पद्धतींत गुरुबंधुत्व नव्हतें असें म्हणणें इतिहासास धरून होणार नाहीं. उलट तें फार घट्ट होतें. एकाच गुरूचे दोन शिष्य जन्मभर एकमेकांस भावाप्रमाणें मानीत.

परंतु या कुटुंबाचा उंबरठा उंच होता. तो कोणी ओलांडावा हें सर्वस्वीं गुरूच्या मर्जीवर असे. चीज कोणास द्यावी, अस्ताई देऊन अंतरा राखून ठेवावा कीं काय, हाहि त्याच्याच इच्छेचा प्रश्न. घरंदाज उस्तादाची विद्या ही त्याच्या मुलांची वडिलार्जित मिळकत असल्यानें ती जपून ठेवण्यांत त्याचा दोष होता असें आम्हांस वाटत नाहीं. इनामाची सनद कोणी वाटून देत नाहीं. मात्र परिणाम असा झाला कीं, पांढरपेशा गृहस्थांच्या मुलांस, आणि विशेषेंकरून मुलींस, या उंबरठ्याच्या आंत येण्यास मार्ग नव्हता. इ. स. १८७४ मध्यें स्थापन झालेल्या पुणें गायन समाजाची, किंवा मुंबईच्या पारशी मंडळींनीं १८७० मध्यें काढलेल्या गायन उत्तेजक मंडळीची धडपड या उणिवेंतूनच जन्मास आली. या संस्थांनीं श्रोत्यांचा व हौशी शिकणाऱ्यांचा एक वर्ग तयार केला. तथापि नित्य भरणारी, पायरीपायरीनें शिकविणारी शाळा ही त्यापुढची पायरी होती.

(३)

ती पायरी बडोद्यास चढली गेली. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयानें इ. स. १८८६ मध्यें तेथें गायनशाळा निघाली व तिचे सूत्रधार मौलाबक्ष हे होते. मौलाबक्ष यांची विद्या हिंदुस्थानी पद्धतीची. परंतु त्यांनीं म्हैसूरकडे राहून कर्नाटकी संगीताचाहि परिचय करून घेतला होता. दक्षिणेंत सरळी व अलंकार यांपासून पायरीपायरीनें शिकविण्याची जी बांधीव रीत आहे ती त्यांनीं पाहिली होती, ही गोष्ट त्यांच्या पुढील कार्याचा विचार करतांना ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्यांनीं स्वतःची स्वरलिपि बसविली व तिच्या आधारें शाळेसाठीं क्रमिक पुस्तकें तयार केलीं. इ. स. १८९६ मध्यें ते निवर्तले. त्यांचे पुत्र अल्लाउद्दीन खां हे लंडनच्या रॉयल अकॅडमींत शिकून आले, व नातू इनायत खां हे १९१० मध्यें पश्चिमेकडे जाऊन तेथें आपल्या संगीतानें व सूफी उपदेशानें प्रसिद्धीस आले.

येथें एक मुद्दा स्पष्ट करणें अवश्य आहे. हिंदुस्थानी संगीतास स्वरलिपि व वर्ग यांची जोड देण्याचें श्रेय सामान्यतः विष्णु दिगंबर व भातखंडे या दोघां महाराष्ट्रीयांस देण्यांत येतें. त्यांची थोरवी निर्विवाद आहे. परंतु लाहोरची शाळा निघण्यापूर्वीं पंधरा वर्षें एका मुसलमान उस्तादानें हिंदु संस्थानिकाच्या आश्रयानें तीच वाट पाडली होती, हें कालानुक्रम पाहणाऱ्यास विसरतां येत नाहीं. तशीच गोष्ट किराणा घराण्याचे अब्दुल करीम खां यांची. त्यांनीं इ. स. १९१३ मध्यें पुण्यास आर्य संगीत विद्यालय चालविलें. शिष्यांस आपल्याजवळ ठेवून घेतलें व जलशांत विद्यार्थ्यांस बरोबर बसविलें. तेव्हां उस्ताद तितके सर्व विद्या लपविणारे व सुशिक्षित तितके सर्व ती मोकळी करणारे, ही जी सोपी विभागणी वारंवार वाचण्यांत येते ती टिकण्यासारखी नाहीं.

बडोद्याच्या शाळेस सरकारी खजिन्याचें पाठबळ असल्यानें तिला स्थैर्य लाभलें, आणि तिची परंपरा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठांत चालू आहे. परंतु सरकारी आश्रयाची शाळा ही खात्याचा एक भाग असते. तिची घडी आश्रयदात्यानें घातलेली असते. केवळ शिष्यांच्या आपसांतील नात्यावर शाळा उभी राहूं शकते काय, या प्रश्नाचें उत्तर पाहावयाचें तर लाहोरकडे वळलें पाहिजे.

(४)

विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजीं कुरुंदवाड येथें झाला. लहानपणीं फटाक्याच्या दारूनें डोळ्यांस इजा होऊन शालेय शिक्षण खुंटलें, म्हणून त्यांस मिरजेस बाळकृष्णबुवांकडे गाणें शिकण्यास ठेवण्यांत आलें. १८९६ च्या सुमारास त्यांनीं मिरज सोडली व पुष्कळ ठिकाणीं भ्रमण करून ५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. पंजाब हा प्रांत त्यांस परका, भाषा परकी, आणि पाठीशीं दरबार नाहीं. लोकांची वर्गणी, विद्यार्थ्यांची फी व बुवांच्या स्वतःच्या जलशांचें उत्पन्न यांवर हा संसार चालावयाचा होता.

या शाळेची जी व्यवस्था होती तिच्यांतील चार अंगें आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें महत्त्वाचीं आहेत.

पहिलें अंग उपदेशक वर्गाचें. गरीब व होतकरू मुलांस शाळेंतच ठेवून घ्यावयाचें, त्यांचें अन्नवस्त्र व शिक्षण शाळेनें करावयाचें, आणि त्यांनीं नऊ वर्षें राहण्याचा करार लिहून द्यावयाचा, अशी ही योजना होती. विद्या पुरी झाल्यावर त्यांनीं गांवोगांवीं जाऊन शिकवावें हा हेतु. म्हणजे गंड्याच्या ठिकाणीं करारनामा आला. गुरुगृहवास मोडला नाहीं. तो शाळेच्या छपराखालीं आणला गेला. सायंकाळीं येऊन तासभर शिकून जाणारे गृहस्थांचे मुलगे हा एक थर, व रात्रंदिवस राहणारे उपदेशक हा दुसरा. आणि पहिल्यास शिकवितां शिकवितां दुसरा स्वतः तयार होई. शिकणारा आणि शिकविणारा यांतील भिंत येथें पातळ झाली.

दुसरें अंग समान पानाचें. बुवांनीं आपली स्वरलिपि तयार केली, पुस्तकें छापण्यासाठीं शाळेचा छापखाना काढला व 'संगीतामृत प्रवाह' हें मासिक चालविलें. ज्याच्या हातीं पुस्तक आहे त्याला अंतरा कोणी लपवूं शकत नाहीं. शिवाय एका विद्यार्थ्याची चूक दुसऱ्यास दाखवितां येते; ती गुरूच्याच कानावर अवलंबून राहत नाहीं. एकमेकांपासून शिकणें हें या सोयीशिवाय घडलें नसतें.

तिसरें अंग समान कंठाचें. वर्गांतील गायनाची मोठी अडचण षड्जाची आहे. पुरुष पांढरी एकच्या आसपास गातो तर स्त्रिया व मुलें काळी चार किंवा पांच पट्टीला गातात; एकट्यास शिकवितांना गुरु शिष्याचा स्वर धरतो, वर्गांत तें शक्य नाहीं. म्हणून वर्ग वयाप्रमाणें व कंठाप्रमाणें लावावे लागतात. सामुदायिक प्रार्थना, भजन व समारंभांतील वृंदगायन यांस बुवांच्या पद्धतींत जें मोठें स्थान होतें त्याचें कारण केवळ भक्ति हें नव्हे. मैफलींत एक गातो व शंभर ऐकतात. प्रार्थनेंत शंभर गातात. ज्याला तान येत नाहीं तोहि त्यांत गणला जातो. तानसेन न झाले तरी कानसेन व्हावेत, या अर्थाचें वचन बुवांच्या नांवावर सर्वत्र सांगण्यांत येतें, आणि त्यांच्या वर्गाची रचना त्याच्याशीं जुळती आहे.

चौथें अंग प्रतिष्ठेचें. गायन म्हणजे व्यसन ही तत्कालीन पांढरपेशांची समजूत. तिला उत्तर म्हणून शाळेंत वेळेचा कडकपणा, ठराविक पोषाख, शृंगारिक शब्दांच्या जागीं भक्तिपर पदें व स्त्रियांसाठीं वर्ग आले. येथें मात्र एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. ज्या उपायांनीं कुलीन घरच्या मुलींस दार उघडलें, त्याच उपायांनीं ज्यांनीं ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली होती त्या गाणाऱ्या स्त्रियांस तें दार जवळजवळ बंद झालें. नवा समुदाय निर्माण होतांना जुन्याचा कांहीं भाग बाहेर राहिला. इतिहासकारानें दोन्ही बाजू नोंदविल्या पाहिजेत.

इ. स. १९०८ मध्यें मुंबईस शाळा निघाली. पुढें सॅंढर्स्ट रोडवर तिची स्वतःची भव्य इमारत उठली. परंतु कर्जाचा बोजा आवरेना व ती इमारत लिलावांत गेली. बुवा नाशकास रामनाम-आधार-आश्रमांत जाऊन राहिले, आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजीं मिरजेस त्यांचें देहावसान झालें.

आमच्या मतें या शाळेची खरी परीक्षा येथेंच झाली. इमारत गेली, चालक गेला. सामान्य नियमानें संस्था संपावयास हवी होती. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस शिष्यमंडळी अहमदाबादेस जमली व त्यांनीं गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलें. विनायकराव पटवर्धन यांनीं १९३२ मध्यें पुण्यास शाळा काढली, बा. र. देवधर यांची मुंबईची शाळा त्यापूर्वींच, १९२५ पासून, चालू होती; १९३९ मध्यें विनयचंद्र मौद्गल्य यांनीं दिल्लीस विद्यालय स्थापिलें; ओंकारनाथ ठाकूर यांनीं काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांतील संगीतमहाविद्यालयाची धुरा वाहिली. या मंडळींच्या गायकींत साम्य थोडें होतें. ओंकारनाथांचा भावपूर्ण विस्तार व विनायकरावांची चोख बांधणी हीं ऐकणाऱ्यास एका गुरूचीं वाटूं नयेत इतकीं भिन्न. तरीहि पाठ्यक्रम, परीक्षा व गुरुपौर्णिमा यांनीं त्यांस एकत्र ठेवलें. गायकी एक असल्यानें घराणें बनतें. येथें गायकी भिन्न असूनहि नातें टिकलें. हें नातें वर्गानें निर्माण केलेलें होतें, आणि तें घराण्याहून निराळ्या जातीचें होतें.

(५)

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचा मार्ग याहून वेगळा. ते पेशानें वकील. दस्तऐवज गोळा करून तपासण्याची त्यांची दृष्टि आमच्या वाचकांस विशेष परिचयाची वाटेल. देशभर प्रवास करून, रामपूर, जयपूर आदि ठिकाणच्या घरंदाज गवयांकडून त्यांनीं हजाराहून अधिक चिजा मिळविल्या व 'हिंदुस्थानी संगीत पद्धति क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत त्या प्रसिद्ध झाल्या. त्यांचा 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा मराठी ग्रंथ १९१० ते १९३२ या काळांत चार भागांत निघाला. तो सबंध गुरुशिष्यसंवादाच्या रूपानें लिहिलेला आहे, ही गोष्ट केवळ लेखनशैलीची म्हणून सोडून देतां येत नाहीं. त्यांतील शिष्य शंका घेतो, आडवे प्रश्न विचारतो, व गुरु प्रमाणें देऊन उत्तर देतो. जुन्या तालमींत प्रश्न विचारणें हा अविनय होता. या ग्रंथानें प्रश्न विचारणें हा शिष्याचा धर्म ठरविला.

ग्वाल्हेरचें माधव संगीत विद्यालय १९१८ मध्यें स्थापन झालें. त्याच्या पूर्वतयारीची हकीकत मननीय आहे. माधवराव शिंदे महाराजांनीं आपल्या राज्यांतील कांहीं गवई मुंबईस भातखंड्यांकडे नवी पद्धति शिकण्यास पाठविले. त्यांत राजाभैया पूछवाले हे होते. ग्वाल्हेरच्या परंपरेंत मुरलेला हा गवई प्रौढ वयांत स्वरलिपि शिकण्यासाठीं विद्यार्थी म्हणून बसला, आणि पुढें त्याच विद्यालयाचा प्रमुख झाला. शिक्षकानें विद्यार्थी होण्याची तयारी दाखविली म्हणजे वर्गाचा समुदाय होण्यास कशी सुरुवात होते, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

लखनौस १९२६ मध्यें मॅरिस म्यूझिक कॉलेज निघालें. तें आज भातखंडे यांच्या नांवानें विद्यापीठरूपानें नांदत आहे. तेथें श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनीं दीर्घकाल प्राचार्यपद सांभाळलें. रातंजनकर हे भातखंड्यांचे शिष्य खरे, परंतु बडोद्यास फैयाज खां यांची रीतसर तालीम घेतलेले. म्हणजे पुस्तक व सीना दोन्ही त्यांच्या ठिकाणीं एकवटलेलीं. तबल्यास आबिद हुसेन खां यांच्यासारखे घराणेदार उस्ताद होते. दिवसा वर्ग, परीक्षा, श्रेणी, परंतु कृ. गुं. गिंडे यांच्यासारखे शिष्य लहानपणापासून रातंजनकरांच्या घरींच राहिले. तात्पर्य, लाहोरास जो गुरुगृहवास करारानें शाळेंत आणला गेला, तो लखनौस शाळेच्या कडेनें आपोआप उगवला. वर्गानें जें देतां येत नाहीं तें घरानें दिलें, व घरास जें देतां येत नव्हतें, म्हणजे सर्वांस प्रवेश, तें वर्गानें दिलें.

(६)

वरील तीन उदाहरणांवरून असा निष्कर्ष निघतो कीं, गायनाच्या वर्गाचा समुदाय होण्यास तीन गोष्टी लागल्या: सर्वांपुढें एकच पान, सर्वांनीं मिळून गाण्याचा प्रसंग, आणि वरच्या शिष्यानें खालच्यास शिकविण्याची वहिवाट. यांपैकीं पहिली गोष्ट बडोद्यासच सिद्ध झाली होती. तिसरी लाहोरास कराराच्या रूपानें आली व तीच सर्वांत टिकाऊ ठरली. परीक्षा ही मात्र दुधारी निघाली. तिनें दूरदूरच्या शाळा एका सूत्रांत बांधल्या, पण जेथें परीक्षेपुरतेंच शिकणें उरलें तेथें पान राहिलें व कंठ गेला. वर्गांतून थोर गवई निपजत नाहींत हा आक्षेप जुना आहे. त्याला उत्तर असें कीं, वर्गाचें माप केवळ गवयांच्या संख्येनें घेऊं नये. शिक्षक किती निघाले व जाणते श्रोते किती वाढले हेंहि मोजावें.

(७)

परंतु हें मोजावयाचें कशावरून? संस्थापकांचीं चरित्रें आहेत, छापील पुस्तकें आहेत. वर्गांत प्रत्यक्ष काय घडलें तें मात्र विद्यार्थ्यांच्या वह्यांतच सांपडणार. म्हणून संग्राहकांस आमच्या कांहीं सूचना आहेत.

वही हातीं आली कीं प्रथम तिची स्वरलिपि पाहावी. कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्रास खालीं व तारास वर बिंदु, समेस गुणाकाराचें चिन्ह, खालीस शून्य, व एका मात्रेंतील अनेक स्वर खालच्या कमानींत बांधलेले, हीं भातखंडे पद्धतीचीं लक्षणें होत. प्रत्येक स्वराखालीं मात्रेचें मान दाखविणारें निराळें चिन्ह असेल तर ती वही बहुधा पलुसकर परंपरेची समजावी. एकाच वहींत आधीं एक व नंतर दुसरी लिपि आढळल्यास ती विशेष जपावी. शिक्षक किंवा शाळा बदलल्याचा तो पुरावा असूं शकतो. दुसरें, वही एकटी न ठेवतां तिच्याबरोबरचे कागद, म्हणजे पावती, प्रशस्तिपत्र, छायाचित्र, एकत्र बांधावे व कोणाच्या घरून आले तें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. तिसरें, एकाच वर्गांतील दोन विद्यार्थ्यांच्या वह्या मिळाल्यास पोथ्यांचे पाठभेद पाहतों त्याप्रमाणें चीज चिजेशीं ताडून पाहावी. जेथें दोन्ही पाठ तंतोतंत एक आहेत तेथें फळ्यावरून उतरून घेतलें असावें. जेथें भेद आहेत तेथें कानानें ऐकून लिहिलें असावें. समासांतील दुरुस्त्या दुसऱ्या हस्ताक्षरांत असल्या तर त्या गुरूच्या कीं सोबत्याच्या, हा शोध घ्यावा. कारण एका मुलानें दुसऱ्याची वही सुधारली ही जी लहानशी गोष्ट, तीच आमच्या सबंध प्रश्नाचें उत्तर आहे.

लाहोर १९४७ नंतर परमुलखांत गेलें व गांधर्व महाविद्यालयाचें मूळ ठिकाण आपणांस दुरावलें. पुण्यांतील, सांगली-मिरजेंतील व बडोद्यांतील जुन्या घरांचे माळे मात्र अजून आपल्या आवांक्यांत आहेत. ज्यांच्या आजोबांनीं वा आजीनें हार्मोनियमच्या पेटींत अशी एखादी वही ठेवली असेल, त्यांनीं ती वाण्याच्या पुड्यांस जाण्यापूर्वीं एखाद्या ग्रंथसंग्रहाच्या स्वाधीन करावी. शाळेची इमारत लिलावांत जाऊनहि जें नातें टिकलें, त्याचा लेखी पुरावा एवढाच काय तो शिल्लक आहे.